चष्मा कुणी घालायचा?

चित्र टिपण्याचे किंवा दाखविण्याचे एखादे नवे साधन बाजारात येते, वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजा होतो, आणि चार-सहा वर्षांत ते दुकानांतून नाहीसे होते. मग ते का चालले नाही याची चर्चा सुरू होते. या चर्चेत दोन कारणे हमखास पुढे येतात. बनविणारे सांगतात, की तंत्र काळाच्या पुढे होते, लोकांना ते कळले नाही. घेणारे सांगतात, की वस्तू चांगली होती, पण किंमत परवडत नव्हती. दोन्ही कारणे सोयीची आहेत. पहिल्यात दोष लोकांच्या माथी जातो, दुसऱ्यात पैशाच्या. खुद्द साधनाकडे, आणि ते वापरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे, हातांकडे व दिवसभराच्या कामाकडे पाहण्याची गरज मग कुणालाच उरत नाही.

आम्हांला ही दोन्ही कारणे अपुरी वाटतात. प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा असता, तर शिक्षकांच्या मासिकात त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु चित्र दाखविणाऱ्या साधनांचा एक मोठा ग्राहक आता शाळा हाच आहे. धुळे जिल्ह्यात २०१६-१७ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळा ‘डिजिटल’ झाल्या, आणि त्या खर्चाचा मोठा वाटा गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून उचलला. कोरडवाहू गावाने गोळा केलेल्या पैशातून भिंतीवर पडदा लागतो, तेव्हा त्या पडद्याचे पाच वर्षांनी काय होणार, हे विचारण्याचा गावाला अधिकार आहे. उत्तर देण्याची पाळी बहुधा शिक्षकावरच येते. ते उत्तर देण्यासाठी एका जुन्या चित्रतंत्राचा इतिहास उपयोगी पडतो. सुदैवाने त्याचा एक धागा आपल्या खान्देशातच आहे.

भुसावळचा मेजर गिल

अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी जळगावपासून ती सुमारे ६० किलोमीटरवर आहेत, आणि खान्देशातल्या शाळांची तेथली सहल ठरलेली असते. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने तेथील भित्तिचित्रांच्या प्रती तयार करण्याचे काम मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याकडे सोपविले. गिल आणि पारो यांची कहाणी ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. गिलच्या तंत्राची कहाणी मात्र क्वचितच सांगितली जाते.

गिलने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगांत प्रती काढल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. त्याआधीच, १८५० नंतरच्या दशकात, त्याने कॅमेरा हाती घेतला होता. त्याने काढलेली अनेक छायाचित्रे जोडचित्रे होती. एकाच दृश्याची, किंचित वेगवेगळ्या जागांवरून टिपलेली दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवायची आणि स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या उपकरणातून पाहायची, की दगडी खांब खरोखरीच पुढे आल्यासारखे आणि मागची मूर्ती गाभाऱ्यात खोलवर बसल्यासारखी दिसते. गिलच्या अशा शंभर जोडचित्रांचे पुस्तक १८६४ साली वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लंडनला प्रसिद्ध झाले. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिलला ज्या कामासाठी पाठविले होते ते भित्तिचित्रांचे. त्या कामात त्याच्या हातातील हे नवे तंत्र जवळजवळ निरुपयोगी होते. भिंतीवरचे चित्र सपाट असते, त्याला खोली नसतेच. तेथे हवा होता रंग, आणि त्या काळच्या छायाचित्राला रंग टिपता येत नव्हता. त्यात लेण्यांतला अंधार. म्हणून गिलनंतरही १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा हाताने, रंग कालवून, प्रती काढत बसले. याउलट चैत्याची कमान, खांबांच्या रांगा, विहाराचा सभामंडप या गोष्टी जोडचित्रात अशा उभ्या राहात, की एकेरी छायाचित्र त्यांपुढे फिके पडावे. तंत्र एकच, लेणेही एकच. खांबांसाठी ते अमोल होते आणि चित्रांसाठी कुचकामी. साधनाची जी करामत आहे, तिचीच उणीव पाहणाऱ्याला भासत आहे काय, हा पहिला प्रश्न येथे उभा राहतो.

दोन डोळे, दोन चित्रे

जोडचित्रातून खोली का दिसते, हे वर्गात पाच मिनिटांत दाखविता येते. हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि समोरच्या भिंतीवरील एखाद्या खुणेकडे एकदा केवळ उजव्या, एकदा केवळ डाव्या डोळ्याने पाहावे. अंगठा भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. अंगठा निम्म्या अंतरावर आणला, की तो अधिक सरकतो. आपल्या दोन डोळ्यांत सरासरी सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असल्यामुळे प्रत्येक डोळ्याला थोडे निराळे चित्र मिळते. त्या दोहोंतील फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. दुसरा प्रयोग पेनाचा. एका हातात पेन, दुसऱ्या हातात टोपण घेऊन हात पुढे करावेत, एक डोळा मिटावा आणि बाजूने आणून टोपण बसविण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या फटक्यात ते चुकण्याचाच संभव अधिक.

हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली आरशांचे उपकरण करून सिद्ध केले. तेव्हा छायाचित्रणाची कला जाहीरही झाली नव्हती. त्याने रेघांची चित्रे वापरली. म्हणजे ‘काळाच्या पुढे’ हे विशेषण कधी लावायचेच असेल, तर ते १८३८ साली लावावे. पुढे १७० वर्षांनी याच तत्त्वावर काढलेला दूरचित्रवाणी संच खपला नाही, तेव्हा ते विशेषण पुन्हा वापरणे हा निव्वळ विनोद आहे.

परंतु या तत्त्वाला एक मर्यादा आहे आणि ती साध्या गणिताने कळते. एक वस्तू १ मीटरवर आणि दुसरी १.१ मीटरवर असेल, तर दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत जेवढा कोनीय फरक पडतो, त्याच्या केवळ शंभरावा भाग फरक १०० मीटरवरील व ११० मीटरवरील वस्तूंत पडतो. सुई ओवताना, दूध ओतताना, विहिरीच्या काठावरून दोर धरताना दोन डोळ्यांची ही जोडी फार मोलाची आहे. लांबवरच्या सातपुड्याच्या रांगा पाहताना तिचा काहीही उपयोग नाही. तेथे आपण खोली ओळखतो ती वेगळ्या खुणांवरून. पुढची टेकडी मागच्या टेकडीला झाकते, लांबचे झाड लहान दिसते, दूरचा डोंगर निळसर व धूसर दिसतो, सावली एका बाजूला पडते. या खुणा एका डोळ्यालाही पुरतात आणि सपाट कागदावरही उतरतात. अजिंठ्याच्या चित्रकारांना हे पक्के ठाऊक होते. छटांच्या चढउताराने त्यांनी सपाट भिंतीवर गालांना गोलाई आणली. तेथे कुणालाच चष्मा लावावा लागत नाही.

म्हणजे सपाट चित्र आपल्याला वाटते तेवढे अपुरे नसतेच. खोलीच्या बहुतेक खुणा त्यात आधीच असतात. नवे तंत्र त्यांत एका खुणेची भर घालते. ती भर मोठी की लहान, हे दृश्यावर अवलंबून असते. मैदानाच्या कडेला बसून क्रिकेट पाहणाऱ्याला ६०-७० मीटरवरच्या फलंदाजाची खोली दोन डोळ्यांमुळे जेमतेमच जाणवते. घरच्या पडद्यावर ती नसल्याने त्याचे काही अडत नाही.

एकदा चालले, तीनदा पडले

या तंत्राला बाजार कधी मिळालाच नाही, असे मात्र कुणी समजू नये. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ साली भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप तयार केला, १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांत तो मानाने नांदला. १८६१ च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टर व लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचा स्वस्त नमुना काढला आणि त्याचे एकस्व घेतले नाही, त्यामुळे कुणीही तो बनवू लागला. अंडरवुड अँड अंडरवुडसारख्या कंपन्या दिवसाला हजारो जोडचित्रे छापीत. १९०७ साली त्यांनी जेम्स रिकल्टन यांच्या लेखनासह हिंदुस्थानचा चित्रसंच काढला. कीस्टोन कंपनीने तर शाळांसाठी ६०० जोडचित्रांचा संच काढला आणि त्याबरोबर शिक्षकांसाठी मार्गदर्शक पुस्तक दिले. कोणते चित्र कोणत्या विषयाच्या पाठात उपयोगी पडेल, याची विषयवार सूची त्यात होती.

चित्रपट, वृत्तपत्रांतील छायाचित्रे आणि रेडिओ आल्यावर हा व्यवसाय ओसरला. त्यानंतर याच तत्त्वाने तीनदा मोठी उडी मारली आणि तीनदा ते पडले. १९५२ ते १९५४ या काळात अमेरिकेत त्रिमिती चित्रपटांची लाट आली. दोन प्रक्षेपक अगदी तंतोतंत जुळवून चालवावे लागत. एक थोडा मागे पडला, की प्रेक्षकांचे डोके दुखू लागे. १९५३ साली सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. त्याला प्रेक्षकाच्या नाकावर काही ठेवावे लागत नव्हते. लाट ओसरली. १९८० नंतरच्या दशकात दुसरी लाट आली. आपल्याकडे १९८४ साली मल्याळम भाषेत ‘माय डिअर कुट्टिचातन’ आणि १९८५ साली हिंदीत ‘शिवा का इन्साफ’ हे चित्रपट निघाले. कौतुक झाले, रीत पडली नाही. तिसरी लाट २००९ च्या ‘अवतार’ चित्रपटानंतरची. २०१० साली सर्व मोठ्या कंपन्यांनी त्रिमिती दूरचित्रवाणी संच बाजारात आणले. अमेरिकेत खेळांची खास वाहिनी त्याच वर्षी सुरू झाली आणि २०१३ साली बंद पडली. बीबीसीनेही २०१३ सालीच त्रिमिती कार्यक्रम थांबविले. सॅमसंगने २०१६ साली, एलजी व सोनी यांनी २०१७ साली असे संच बनविणे सोडले. चित्रपटगृहात हे तंत्र अधूनमधून दिसते. मराठीतला पहिला त्रिमिती चित्रपट ‘झपाटलेला २’ हा २०१३ सालचा. पण घरातून ते गेले ते गेलेच.

किंमतीचे कारण येथे कितपत टिकते? पहिल्या वर्षी संच महाग होते, हे खरे. पुढे मात्र मधल्या किंमतीच्या पुष्कळ संचांत ही सोय आपोआपच येऊ लागली. ग्राहकाने तिचे पैसे जणू मोजलेच होते. तरीही चष्मे खणात पडून राहिले. विकत घेतलेली वस्तू माणूस वापरीत नाही, तेव्हा तिची किंमत हे न वापरण्याचे कारण असू शकत नाही.

ओझे कुणावर?

आमच्या मते खरे कारण ओझ्याच्या वाटणीत आहे. स्टिरिओस्कोप पाहणारा माणूस त्या वेळी दुसरे काहीच करीत नसे. दहा-पंधरा मिनिटे तो खिडकीशी बसे, एकेक चित्र पाही आणि उपकरण शेजाऱ्याच्या हाती देई. डोळ्यांवर काहीतरी धरणे हा त्या करमणुकीचाच भाग होता. शिवाय त्या काळी घरबसल्या पिरॅमिड किंवा ताजमहाल दिसण्याचा दुसरा मार्गही फारसा नव्हता. लाभ मोठा, ओझे लहान.

दूरचित्रवाणीचे तसे नाही. आपल्या घरात संच चालू असतो, तेव्हा कुणी भाजी निवडते, कुणी गृहपाठ करते, कुणी ताटावर असते, शेजारचे दोघे अवचित येऊन बसतात. संचाबरोबर दोन चष्मे आणि घरात माणसे सहा. ज्याला आधीच नंबरचा चष्मा आहे त्याने त्यावर दुसरा चढवायचा. बॅटरीवर चालणारा चष्मा आठवणीने विजेवर लावून ठेवायचा. प्रत्येक डोळ्याला प्रकाश निम्म्याहून कमी मिळतो, म्हणून भर दिवसा खिडक्या लावून घ्यायच्या.

याहून सूक्ष्म ओझे डोळ्यांवरच पडते. जवळची वस्तू पाहताना आपले दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी डोळ्यांतील भिंग अधिक फुगीर होते. पाठ्यपुस्तकात आपण याला समायोजन म्हणतो. वळणे आणि समायोजन या दोन क्रिया लहानपणापासून जोडीने चालतात. त्रिमिती पडद्याने ही जोडी फोडली. पडदा तीन मीटरवर आहे, पण त्यातला चेंडू दीड मीटरवर आल्याचा भास होतो. डोळे दीड मीटरसाठी वळतात, भिंगाला मात्र तीन मीटरवरच्या पडद्यावरच नेम धरावा लागतो. काही जणांना हे चालून जाते, काहींना थकवा येतो, डोके दुखते. शिवाय ज्यांचा एक डोळा लहानपणापासून अधू असतो, अशांना ही खोली दिसतच नाही. कारखान्यात सोडवायचा प्रश्न ग्राहकाच्या डोळ्यांवर ढकलला गेला, तो असा.

तिसरी गोष्ट चित्रांच्या पुरवठ्याची. स्टिरिओस्कोपच्या मागे चित्रांचा अखंड ओघ होता, आणि दर आठवड्याला नवे पाहायला मिळे. त्रिमिती संचांना मात्र पुरेसे कार्यक्रम कधीच मिळाले नाहीत. कार्यक्रम नाहीत म्हणून संच खपत नाहीत आणि संच नाहीत म्हणून कार्यक्रम निघत नाहीत, असे ते त्रांगडे होते. नुसती घागर विकून भागत नाही, पाण्याची सोय लागते.

मग हे तंत्र मेले काय? मुळीच नाही. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या कार्टोसॅट-१ या आपल्या उपग्रहावर दोन कॅमेरे होते. एक २६ अंश पुढे, दुसरा ५ अंश मागे कललेला. एकाच भूभागाची दोन कोनांतून घेतलेली ही जोडचित्रे, गिलच्याच तत्त्वाची. त्यांवरून डोंगर-दऱ्यांची उंची मोजता येते. सूक्ष्मदर्शकातून डोळ्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाही दोन्ही डोळ्यांची खोली लागते. तेथे उपकरणाला डोळे लावून बसणे हे ओझे नाही, ते कामच आहे. होलोग्रामचेही तसेच झाले. डेनिस गॅबॉर यांना १९७१ साली ज्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातून घराघरांत त्रिमिती चित्रे येतील अशी स्वप्ने रंगविली गेली. प्रत्यक्षात तो आपल्या मतदार ओळखपत्रावरच्या चकचकीत ठिपक्यात जाऊन बसला, कारण त्याची नक्कल करणे अवघड असते. चित्र म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, मोहोर म्हणून मिळाले.

फर्दापूरची प्रतिकृती

अजिंठ्याच्याच परिसरात या विचाराची आणखी एक कसोटी पाहायला मिळते. जपानच्या कर्जसाहाय्यातून फर्दापूरजवळ, लेण्यांपासून चार किलोमीटरवर, पर्यटन विभागाने एक भव्य अभ्यागत केंद्र बांधले. तेथे चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या १, २, १६ व १७ या क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, दृक्‌श्राव्य कार्यक्रमांची सोय केली. हेतू चांगला होता. गर्दीच्या श्वासोच्छ्वासाने आणि दमटपणाने मूळ चित्रांची हानी होते, तेव्हा लोकांनी प्रतिकृती निवांत पाहाव्यात. २०१३ साली केंद्र सुरू झाले आणि २०१८ च्या सुमारास पाणी व वीज यांच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडले.

येथेही किंमत आणि काळ ही दोन कारणे उपयोगी पडत नाहीत. बांधकामाला पैसा मिळाला होता. मिळाला नाही तो रोजच्या दिव्याला आणि पंपाला. आणि मूळ लेणे चार किलोमीटरवर असताना लांबून आलेल्या माणसाने त्याची नक्कल कशासाठी पाहावी, याचे पटण्यासारखे उत्तर त्याला कुणी दिले नाही. जे मूळ लेण्यात दिसत नाही ते येथे दिसते, अंधारातले छत येथे उजेडात दिसते, असे त्याला जाणवले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. हीच प्रतिकृती अजिंठ्यापासून हजार किलोमीटरवरच्या शहरात असती, तर तिचे मोल किती वाढले असते, याचा विचार करावा.

वर्गातला पडदा

आता शाळेकडे येऊ. महाराष्ट्राच्या शाळांना चित्रसाधने नवी नाहीत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. एक दिवा, एक पडदा, आणि शेकडो लोक एकदम पाहू शकत. ओझे सगळे दाखविणाऱ्यावर, पाहणाऱ्यावर काहीच नाही. पुढे १९८४ साली पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीने मराठीत शेकडो शैक्षणिक कार्यक्रम केले. पण प्रक्षेपणाची वेळ दूरचित्रवाणीची आणि तासिकांची वेळ शाळेची. दोन्ही जुळविण्याचे ओझे शिक्षकावर पडे. २०१७ साली ही संस्था बंद झाली.

धुळे जिल्ह्यातल्या शाळांनी जे केले त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. गाव शाळेसाठी वर्गणी काढते, पालक वर्गात येऊन पाहतात, ही घटनाच मोठी आहे. तीमुळे शाळा गावाची होते. परंतु पडदा लागला म्हणजे काम झाले, अशी समजूत झाली, की फर्दापूरची वाट सुरू होते. राज्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांची वीज बिल थकल्यामुळे तोडली गेली आहे, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. तेव्हा नवे चित्रसाधन घेण्याआधी, किंवा घेतलेले असल्यास ते वापरताना, चार प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो.

पहिला प्रश्न: या पाठात मुलाला नेमके काय दिसत नाही? बोंडअळी शेजारच्या कपाशीत आहे, केळीच्या खोडाचा आडवा छेद यावल-रावेरच्या कुठल्याही गावात विळ्याने घेता येतो. तेथे पडदा म्हणजे लेण्याच्या दारात उभी केलेली नक्कल. पण हृदयाच्या झडपांची उघडझाप, पेशीचे विभाजन, चंद्राच्या कला, किंवा पश्चिमेकडे वाहणाऱ्या तापीचे खोरे वरून कसे दिसते, हे फळ्यावर नीट उतरत नाही. पडद्याची जागा तेथे आहे.

दुसरा प्रश्न: त्याचे रोजचे ओझे कुणावर? दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत एका वर्गासाठी खिडक्या झाकून अंधार करायचा, तर दुसऱ्या वर्गाने लिहायचे कसे? एप्रिलच्या उन्हात बंद खोलीत चाळीस मुले किती वेळ बसतील? यंत्र सुरू होऊन चित्र दिसेपर्यंत तासिकेतली दहा मिनिटे जात असतील, तर ते साधन महिन्याभरात कापडाखाली झाकले जाणार, मग ते कितीही चांगले असो.

तिसरा प्रश्न: पुढच्या वर्षीची चित्रे कोठून येणार? पाठ्यपुस्तक बदलले की जुन्या चित्रफिती बाद होतात. मराठीत, आणि अहिराणी किंवा भिली बोलत शाळेत येणाऱ्या मुलांना समजेल अशा सोप्या मराठीत, त्या मिळतील काय? शिक्षकाला स्वतः काढलेली छायाचित्रे त्यावर सहज दाखविता येतील काय? कीस्टोनचा शालेय संच चालला तो भिंगांमुळे जितका, तितकाच शिक्षकांसाठीच्या सूचीमुळे.

चौथा प्रश्न: बिल आणि दुरुस्ती कुणाची? वर्गणी एकदा निघते, बिल दरमहा येते. साधनाच्या किंमतीबरोबरच पाच वर्षांची वीज व दुरुस्ती यांची रक्कम ग्रामसभेपुढे मांडणे हाच खरा हिशेब.

असे प्रश्न विचारीत बसल्यास नवे काहीच शाळेत यायचे नाही, असा आक्षेप कुणी घेईल. तो खरा नाही. मोबाइलवरचा कॅमेरा या चारही प्रश्नांतून पार होतो. तो खिशात असतो, त्याचे बिल शाळेवर पडत नाही, त्यात चित्रे शिक्षक स्वतः टिपतो, आणि बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड त्यावरच उघडतात. त्याच्या प्रसारासाठी कुणाला मोहीम काढावी लागली नाही. त्याच्यावर घेतलेली जोडचित्रेही वर्गात चालतात. एक छायाचित्र घ्यावे, मोबाइल सहा-सात सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरे घ्यावे. डावीकडचे चित्र डावीकडे व उजवीकडचे उजवीकडे असे, मध्यांत साधारण सहा सेंटिमीटर ठेवून ती छापावीत. मध्ये एक पुठ्ठा नाकापर्यंत उभा धरून दूर पाहिल्यासारखी नजर ठेवावी. थोड्या सवयीने शाळेच्या आवारातला कडुनिंब कागदातून उभा राहतो. खर्च दोन प्रतींचा.

ज्या शाळांत पडदा आधीच आहे, तेथे एक साधी नोंदवही ठेवावी. तारीख, इयत्ता, पाठ, किती मिनिटे वापरले, आणि ठरवूनही वापरता आले नाही तर का. तीन महिन्यांच्या नोंदी केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र वाचाव्यात. ‘वीज नव्हती’, ‘उजेडामुळे दिसले नाही’, ‘पाठाला योग्य चित्र मिळाले नाही’ यांपैकी कोणते कारण किती वेळा आले, ते मोजावे. पुढच्या खरेदीचा निर्णय विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावरून घेण्यापेक्षा या वहीवरून घेतलेला बरा.